आईचं युरिन इन्फेक्शन, ईएसबीएल आणि रोजचं इंजेक्शन : माझा अनुभव

ज्यांच्या घरात शुगरवालं वयस्कर माणूस आहे आणि सारखं युरिन इन्फेक्शन होतंय त्यांच्यासाठी सविस्तर लिहितेय, कारण आम्ही यातून जात होतो तेव्हा मराठीत नीट कुठे काही सापडत नव्हतं.

आई गावी असते, साताऱ्याजवळ. लघवीला जळजळ सुरू झाली तशी तिने मेडिकलमधून सेफिक्झिम या अँटिबायोटिकच्या गोळ्या आणल्या, चिठ्ठी वगैरे काही नाही. खरं तर हे औषध शेड्यूल एच-१ मध्ये, म्हणजे जास्त कडक नियम असलेल्या औषधांच्या सरकारी यादीत येतं, मार्च २०१४ पासून ते चिठ्ठीशिवाय द्यायचंच नाही आणि दुकानदाराने डॉक्टरचं आणि पेशंटचं नाव रजिस्टरमध्ये लिहून तीन वर्षं ठेवायचं असा नियम आहे, पण गावात विचारतंय कोण. गोळ्या चालू असतानाच थंडी वाजून ताप आला, कमरेच्या वर एका बाजूला दुखायला लागलं, मग तिला पुण्याला आणलं.

इथल्या डॉक्टर मॅडमनी पहिलं काम काय केलं तर नवीन अँटिबायोटिक द्यायच्या आधी युरिन कल्चरला पाठवलं, म्हणजे लघवीतले जंतू लॅबमध्ये वाढवून बघायची तपासणी. सॅम्पल द्यायची पण पद्धत असते, आधी स्वच्छ धुवायचं, सुरुवातीची धार सोडून द्यायची आणि मधली लघवी निर्जंतुक डबीत घ्यायची, आणि डबी दोन तासांच्या आत लॅबला, नाहीतर फ्रीजमध्ये. नाहीतर बाहेरचेच जंतू वाढतात आणि रिपोर्टचा काही उपयोग होत नाही. मी विचारलं, गोळ्या तर चालूच आहेत मग कल्चरमध्ये काय येणार? तर म्हणाल्या, गोळ्या चालू असूनही जंतू वाढले तर त्यातूनच बरंच कळेल.

आणि वाढलेच. दोन-तीन दिवस लागतात, कारण आधी जंतू वाढवायचे आणि मग एकेक औषध त्यावर लावून बघायचं. रिपोर्टमध्ये ई. कोलाय हा जंतू, एक लाखाच्या वर कॉलनी काउंट (म्हणजे जंतू किती वाढले त्याचा आकडा), खाली औषधांची मोठी यादी आणि प्रत्येकापुढे एस किंवा आर. एस म्हणजे चालेल, आर म्हणजे जंतू त्याला दाद देत नाही. सेफिक्झिम आर, सेफ्ट्रिॲक्झोन आर, सिप्रोफ्लॉक्सॅसिन आर, आणि शेरा ईएसबीएल पॉझिटिव्ह. म्हणजे हा जंतू असं एन्झाइम बनवतो जे पेनिसिलिन आणि सेफॅलोस्पोरिन गटातली बहुतेक औषधं तोडूनच टाकतं.

मला वाटलं हे हॉस्पिटलमधूनच लागतं, पण आई तर कित्येक वर्षांत कुठे ॲडमिट नव्हती! मॅडम म्हणाल्या, आता तसं राहिलं नाही, हे जंतू धडधाकट माणसांच्या आतड्यातही असतात, पाण्यातून, खाण्यातून, हातातून पसरतात आणि काही त्रास न देता पडून राहतात. त्यांच्याकडे प्लाझ्मिड म्हणून डीएनएचा छोटा गोल तुकडा असतो, त्यावर हे एन्झाइम बनवायची माहिती असते आणि एक जंतू त्याची कॉपी शेजारच्याला देतो, शेजारचा वेगळ्या जातीचा असला तरी. अँटिबायोटिक घेतलं की साधे जंतू मरतात आणि या लोकांना मोकळं रान. आईने वर्षानुवर्षं सर्दी-पडशाला पण ज्या गोळ्या खाल्ल्या त्या डोळ्यासमोर आल्या.

यादीत नायट्रोफ्युरँटॉइन एस होतं, स्वस्त आणि तोंडाने घ्यायचं, म्हणून आम्ही खूश झालो. पण ते फक्त मूत्राशयाच्या इन्फेक्शनला चालतं, किडनीच्या आत पुरेसं पोचत नाही, आणि आईचं किडनीपर्यंत गेलं होतं. अमिकॅसिन पण एस, पण ते किडनीला त्रास देऊ शकतं आणि आईचं क्रिएटिनिन (किडनी कशी चालते ते सांगणारी रक्ततपासणी) वाढलेलं, म्हणून नको. म्हणजे नुसतं एस बघून औषध ठरत नाही हो. शेवटी एर्टापेनेम हे अँटिबायोटिक ठरलं, शिरेतून, दिवसातून एकदाच, त्यामुळे ताप उतरल्यावर ॲडमिट राहायची गरज नव्हती, रोज हॉस्पिटलच्या डे-केअरला जायचं, इंजेक्शन घ्यायचं आणि घरी यायचं. साध्या नॉर्मल सलाईनमधून अर्धा तास चालतं, ग्लुकोजच्या सलाईनमध्ये ते मिसळत नाहीत. सगळ्यात त्रास शिरेचा झाला, आईच्या शिरा बारीक, इंट्राकॅथ (शिरेत बसवलेली बारीक नळी) लावलेली जागा सुजायची आणि परत दुसऱ्या हाताला टोचायला लागायचं. रविवारी डे-केअर बंद असतं का हे पहिल्याच दिवशी विचारून ठेवा, आम्हाला शनिवारी रात्री धावपळ करून सिस्टर शोधावी लागली.

कोर्स संपला, ताप नाही, जळजळ नाही. भाऊ म्हणाला परत कल्चर करूया, खात्री होईल. मॅडमनी स्पष्ट नाही सांगितलं. त्रास काही नसताना या वयात, त्यात शुगर, लघवीत जंतू सापडू शकतात आणि मग रिपोर्ट बघून कुणीतरी उगाच परत अँटिबायोटिक देतं, जे पुढच्या वेळी अजून आर वाढवतं. त्रास झाला तर मात्र लगेच कल्चर, आणि हा जुना रिपोर्ट डॉक्टरला आधी दाखवायचा, कारण पहिले दोन दिवस काय द्यायचं ते त्यावरून ठरतं. त्याची एक झेरॉक्स आईच्या शुगरच्या फाइलमध्ये लावली आहे आणि एक गावातल्या डॉक्टरांकडे दिली आहे.