बॅकअप होता, पण रिस्टोर होईना

मामांच्या वाचनालयाची सगळी यादी, पुस्तकं, सभासद, देवघेव, एका जुन्या पीसीवर मायएसक्यूएल 8 या डेटाबेस सॉफ्टवेअरमध्ये होती आणि गेल्या महिन्यात त्याची हार्ड डिस्कच गेली. बॅकअप पेनड्राइव्हवर होता म्हणून मी निवांत होतो. नवीन मशीनवर मारियाडीबी 10.6 (मायएसक्यूएलचंच भावंड) टाकलं, डंप फाइल, म्हणजे बॅकअपची फाइल, इम्पोर्टला लावली आणि लगेच एरर 1273, अननोन कोलेशन (कोलेशन म्हणजे अक्षरांची तुलना आणि क्रम ठरवणारे नियम).

इथे मी चूक केली. एरर नीट न वाचता फोर्सचा ऑप्शन लावून परत चालवलं, म्हणजे एरर आला तरी थांबू नको, पुढे जा. मग 1146 ची रांगच लागली, हे टेबल नाही, ते टेबल नाही, स्क्रीन भरून वाहतेय, आणि शेजारी बसलेले मामा हळूच म्हणाले, "गेली का रे सगळी यादी?" पोटात गोळाच आला माझ्या.

गेलं काहीच नव्हतं. क्रिएट टेबलच (टेबल बनवायची आज्ञा) फेल झालं तर इन्सर्ट (त्यात नोंदी भरायची आज्ञा) जाणार कुठे? म्हणून सगळ्यात वरचा, पहिला एरर बघा, खालचे बहुतेक त्याचीच पिल्लं असतात. एररमधलं '0900' वालं कोलेशन मायएसक्यूएल 8 चं डिफॉल्ट आहे, 0900 म्हणजे युनिकोड 9.0 चे अक्षरक्रमाचे नियम, आणि मारियाडीबी 10.6 ला ते नावच माहीत नाही. डेटा ठणठणीत. डंपची कॉपी काढली (मूळ फाइलला हात लावायचा नाही म्हणजे नाही), सेड (फाइलमधला मजकूर शोधून बदलणारी) कमांडने सगळीकडे त्या जागी युनिकोड_सीआय वालं कोलेशन टाकलं, डेटाबेस ड्रॉप करून रिकामा बनवला आणि परत इम्पोर्ट. यावेळी फोर्स नाही.

आणखी एक, फाइलची शेवटची ओळ बघून घ्या. मायएसक्यूएलडंप (डंप फाइल बनवणारं टूल) पूर्ण झालं की तळाशी 'डंप कम्प्लीटेड' आणि तारीख येते, ती नसेल तर बहुधा फाइल अर्धवट आहे, मग कितीही डोकं आपटा.

मराठी मजकूर मात्र डोळ्यांनीच तपासावा लागतो. एका अक्षराच्या जागी तीन तीन विचित्र चिन्हं दिसली तर घाबरू नका, देवनागरी अक्षर यूटीएफ-8 मध्ये 3 बाइटचं असतं, कॅरेक्टर सेट (अक्षरं साठवायची-वाचायची पद्धत, यूटीएफ-8 ही त्यातलीच एक) चुकलाय, बऱ्याचदा सुधारता येतं. पण टेबलातच खरोखरची प्रश्नचिन्हं गेली असतील तर तिथला मजकूर गेला, परत मूळ डंपकडेच जायचं.

आमच्याकडे 'कऱ्हाड' मधला ऱ्ह नीट दिसला. मामांनी दाखल नोंदवही उघडली, शेवटचा दाखल क्रमांक 8412. स्क्रीनवरही 8412.