आरांची फुलदाणी आणि आमचा चित्रकलेचा तास

आमच्या वेळी चित्रकलेचा तास म्हणजे एलिमेंटरी-इंटरमिजिएटची तयारी. स्थिरचित्रात तांब्या, वांगी, मागे चुण्या पडलेला पडदा. बॅकग्राउंडला शेवटच्या दहा मिनिटांत पातळ वॉश मारायचा नि पेपर देऊन मोकळं व्हायचं, हा शिरस्ता. त्या वर्गात सरांनी एकदा मासिकातून कापलेलं चित्रकार के. एच. आरांचं फुलांचं चित्र फळ्यावर टाचलं आणि विचारलं, "बॅकग्राउंड कुठे संपते नि फुलं कुठे सुरू होतात, दाखवा बघू."

दाखवता येईना. लाल फुलांमागचा निळा पाकळ्यांच्या कडांवर चढून आला होता. एकदोन पाकळ्या तर रंगवलेल्याच नव्हत्या; भोवतीच्या निळ्यानेच त्यांना आकार दिला होता. पानं दोन फटकाऱ्यांत उरकलेली. फुलदाणी जराशी कललेली, सावलीचा पत्ता नाही. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "सर, ह्याला बी ग्रेडसुद्धा मिळायची नाही." सर खो खो हसले. "नाहीच मिळायची!"

मग सरांनी आरांबद्दल सांगितलं. १९१४ साली सिकंदराबादजवळ बोलारमला जन्म. पोरवयातच घर सोडून मुंबई गाठलेली. घरगडी म्हणून नोकरी, गाड्या धुण्याचं काम, मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगवास. जे. जे. कला महाविद्यालयाचा शिक्का नसलेला हा माणूस १९४७मध्ये सूझा, रझा, हुसेन, गाडे, बाकरे यांच्याबरोबर प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप या आधुनिक कलावंतांच्या गटाच्या संस्थापकांत होता. आणि जलरंग लावायचा तो तैलरंगासारखा दाट! आम्हाला तर "पाणी घाल, अजून पाणी घाल" हेच ऐकायची सवय.

पुढे नोकरीनिमित्त मुंबईत आल्यावर आरांची मूळ चित्रं प्रदर्शनांत पाहिली. छापील चित्रात न दिसलेली गोष्ट तिथे कळली : मागच्या रंगातही फुलांइतकेच ब्रश फिरलेले असतात, आडवे-तिडवे, घाईघाईने, आणि त्याच घाईमुळे फुलं ताजी वाटतात. सगळ्याच फुलदाण्या मला आवडल्या असं मात्र नाही. काही निव्वळ दिवाणखान्याच्या भिंतीसाठी केल्यासारख्या वाटल्या. सरांना हे सांगितलं असतं तर त्यांनी वाद घातला असता.

सुवर्णमहोत्सवानिमित्त शाळेत नवा चित्रकला कक्ष बांधताहेत असं कळलं. यथाशक्ती देणगी पाठवली आहेच. भिंतींना कृपया ऑफव्हाइट देऊ नका. निळा चालेल, पण दाट हवा.