औंधचं संग्रहालय आणि पारावरचे आजोबा

साताऱ्याहून रहिमतपूरमार्गे औंधला जायचं बरेच दिवस डोक्यात होतं, शेवटी रविवारी एसटी पकडली आणि गेलो. यमाईच्या मूळपीठाला जाणाऱ्यांची ही गर्दी, पण त्याच डोंगरावरच्या श्री भवानी संग्रहालयाकडं मोजकीच माणसं वळतात, याचं फार वाईट वाटतं.

1938 साली राजेसाहेब बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी हे उभं केलं. संस्थान केवढं, तर 72 गावांचं, आणि भिंतीवर राजा रविवर्मांची मूळ तैलचित्रं! लहानपणापासून कॅलेंडरवर बघितलेला रविवर्मा वेगळा आणि हा वेगळा, जवळ जाऊन पदराच्या जरीवरचे बारीक बारीक फटकारे बघत मी कितीतरी वेळ तिथंच उभा होतो. पुढं हेन्री मूरचं दगडातलं माय-लेकरू. असला जगप्रसिद्ध शिल्पकार खटाव तालुक्यात बघायला मिळतो, अजून काय पाहिजे? राजे स्वतः चित्रकार, त्यामुळं हा संग्रह नुसता पैसेवाल्याचा वाटत नाही, निवड जाणकाराची आहे.

खाली गावात पारावर एक आजोबा भेटले. "पाहुणं, कुठनं आलायसा?" म्हणाले आणि मग तासभर थांबलेच नाहीत. त्यांचे वडील इथल्या शाळेत होते, रोज सूर्यनमस्कार घालायलाच लागायचे, "राजं सोता घालायचं, मग पोरं कशी न्हाई म्हणत्याली?" 1939 ला गांधीजींच्या सल्ल्यानं राजांनी कारभार लोकांच्या हातात दिला, ते मी वाचलेलं होतं, पण आजोबांनी सांगितलं ते वेगळंच, की वडील म्हणायचे, झाडाखाली पंचायत बसायची आणि अंगठेबहाद्दर माणूससुद्धा उठून बोलायचा. हे वर कुठल्या पाटीवर लिहिलेलं मला तरी दिसलं नाही.

चित्रं जपायला इमारत आहे, या आठवणींना काय आहे? औंधच्या शाळेतल्या पोरांनी मोबाईलवर गावातल्या म्हाताऱ्यांचं बोलणं रेकॉर्ड करून ठेवलं तरी केवढं काम होईल, खर्च शून्य. ही पिढी आता फार थोडी उरलीय.

आजोबांनीच निघताना आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूरचं नाव काढलं, ती कैद्यांची बिनभिंतीची वसाहत पण औंध संस्थानातलीच. आता पुढची एसटी तिकडची.