बी साइड सुटली! (आणि घंटा मीच कापली होती)

मंडळी, आजीच्या कॅसेटची बी साइड अखेर सरळ झाली. मागच्या वेळी मी वैतागून 'आता नाद सोडते' असं लिहिलं होतं, ते मागे घेते.

नव्याने आलेल्यांसाठी थोडक्यात: सी-६० कॅसेट, १९८४ ची. ए साइडला आमच्या वसईच्या चर्चमधली नाताळची मध्यरात्रीची मिस्सा (चर्चमधली उपासना), बी साइडला घरी आजी एकटी पायपेटी वाजवत गातेय. आजी १९३१ ची, गेली ९२ व्या वर्षी. आमच्या गायकवृंदात तिने साठेक वर्षं काढली. लहानपणी लॅटिन गाणी अर्थ न कळता पाठ केली, व्हॅटिकनच्या दुसऱ्या परिषदेनंतर (१९६२–६५) मिस्सा मराठीत आली तेव्हा तिशी ओलांडल्यावर सगळं नव्याने शिकली आणि दुसऱ्यांना शिकवलं. बारश्यापासून मयतापर्यंत गावात पेटी तिचीच. अकरा नातवंडं, त्यातल्या एकालाही सुरात गाता येत नाही, हे ती स्वतःच सांगायची.

यांत्रिक भाग लवकर उरकला. टेप हेडवर दाबून धरणाऱ्या प्रेशर पॅडचा गोंद वाळून पॅड आत लोळत होता, म्हणून टेप स्क्रूवाल्या नव्या खोक्यात हलवली. डेकचा पट्टा वितळून डांबर झाला होता, नवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणला. दोन जास्तीचे घ्या, पुढच्या खेपेला त्याच मापाचा मिळेलच असं नाही. ॲझिमथ, म्हणजे हेडचा टेपशी असलेला कोन, मोनोवर ऐकत, स्क्रू केसाएवढा फिरवत लावला आणि पेटीच्या पट्टीचा खटका ऐकू यायला लागला. त्या दिवशी मी स्वतःला आइस्क्रीम दिलं. बाकी, ते यूएसबीवाले हातातले प्लेअर घेऊ नका. वॉव, म्हणजे वेगाची डुगडुग, इतका की पाद्री प्रवचन देतोय की पोहतोय ते कळत नाही.

खरं दुखणं वेगाचं. रेकॉर्डर सेलवर चालायचा. सेल उतरले की मोटर मंदावते, म्हणून आज बरोबर वेगाने वाजवलं की सगळं चढं येतं. बी साइड ऐकताना आजी शाळकरी मुलीसारखी वाटायची, आणि शेवटच्या गाण्याला तर खारीसारखी. किती टक्के कमी करायचं, हा प्रश्न.

ए साइडला चर्चच्या ॲम्प्लिफायरचा, विजेमुळे येणारा गुणगुणाट आहे. वीज ५० हर्ट्झची, टेपवर तो ५२ ला दिसतो, म्हणजे चार टक्के, असा माझा सोपा हिशोब. तो तुमच्यापैकीच एकाने मोडला: तेव्हाच्या ग्रिडची फ्रीक्वेन्सी कुठे स्थिर होती? ४९ च्याही खाली जायची. एका हर्ट्झचा फरक म्हणजे दोन टक्के, म्हणजे पेटीच्या दोन लागून असलेल्या पट्ट्यांमधल्या अंतराचा तिसरा हिस्सा. आणि बी साइडला गुणगुणाट नाहीच, घरात रेकॉर्डर सेलवर आणि बहुधा दिवेही गेलेले.

मग वाटलं, पेटी तर घरातच आहे, तिच्याशी जुळवू. पेटीचे सूर लगेच हलत नाहीत. पण आई म्हणाली, मधे एका कारागिराने ती '४४० ला आणून', म्हणजे आजच्या प्रमाण सुराला चढवून, दिली होती. सूर उघडून पाहिले, तर सगळ्या पितळी जिभांच्या टोकाला कानस फिरलेली. टोक घासलं की सूर चढतो. म्हणजे १९८४ ची पेटी आणि आजची पेटी एक नाही. त्या रात्री मी जेवले नाही.

आता लाजेचा भाग. टेप पहिल्यांदा कॉम्प्युटरवर घेताना मी नॉइज गेट (बारीक आवाज बंद करणारी सोय) लावला होता आणि २१ व्या मिनिटाची दीडेक मिनिटाची 'रिकामी जागा' कापून टाकली होती. मागच्या रविवारी मूळ कच्ची फाइल पुन्हा लावली. आजी कडव्याच्या मधेच थांबते. भात्यातला उरलेला वारा निघून जातो. मग दूरवर तीन ठोके. थोडं थांबून तीन. परत तीन. मग सलग नऊ. संध्याकाळच्या प्रार्थनेची घंटा! आजी पुटपुटत प्रार्थना म्हणते, शेवटी 'आमेन' आणि त्याच श्वासात दुसऱ्या कुणाला तरी 'दूध बघ', आणि गाणं होतं तिथून पुढे सुरू.

घंटेला कुणी कानस लावत नाही. आमच्या वसईच्या कितीतरी घंटा १७३९ नंतर चिमाजी अप्पांच्या फौजेबरोबर घाटावर गेल्या, मेणवलीला, नाशिकला नारोशंकराच्या देवळात, भीमाशंकरला, आणि तिथेही आपापल्या सुरातच वाजतायत. आमची त्यानंतरची, पण १९८४ ला होती तीच अजून टांगलेली आहे. फादरांना विचारून खात्री केली, मग सोमवारी सातला ओसरीवर, जिथून आजीने ऐकली असेल तिथूनच, रेकॉर्ड केली.

आज घंटेचे तीन ठळक सूर: ४९३.७, ५९२.४ आणि ९८७ हर्ट्झ. टेपवर: ५२४.३, ६२९.१ आणि १०४८.२. तिन्हींचं गुणोत्तर १.०६२. तीन आकडे तिसऱ्या दशांशापर्यंत एकसारखे आल्यावर मी ओसरीवरच ओरडले, शेजारचं कुत्रं अजून माझ्याकडे संशयाने बघतं.

पण हा फक्त २१ व्या मिनिटाचा वेग. सेल तर उतरत गेलेले. इथे पेटी परत कामाला आली: पांढरी पाच या पट्टीचा सूर तेव्हाही झणझणायचा, स्पेक्ट्रममध्ये (आवाजातले हर्ट्झ दाखवणाऱ्या आलेखात) काट्यासारखा दिसतो. तो किती हर्ट्झचा होता याला महत्त्व नाही, तो सुरुवातीपासून शेवटपर्यंत किती सरकला एवढंच हवं. घंटेपाशी ६.२ टक्के धरले, तर सुरुवातीला ३.४ टक्के चढा, शेवटी ७.९. ऑडॅसिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये, वेग कमीजास्त करणाऱ्या टाइम ट्रॅकवर चौदा बिंदू टाकले, मधला घंटेवर खिळवला. आजी काळी पाचमधून नव्हे, पांढरी सहामधून गात होती.

आईला हेडफोन लावून दिला. आयचा आवाज बारीक होता, असं ती कॅसेट ऐकून ऐकून स्वतःच मानायला लागली होती. दोन ओळी झाल्यावर तिने हेडफोन एका कानावरून काढला, 'आता आय आली' म्हणाली, आणि परत लावला. पूर्ण ऐकलं. चहा गार झाला.

२ नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, पेटी वाजवायची म्हणून तिचे सूर खाली आणायचा बेत होता. तो आता रद्द. मुळाशी घासून सूर उतरवता येतो, पण टोकाला आधीच घासलेली जीभ आणखी पातळ होईल. टोकाला मेणाचा ठिपका देऊन एकाच सुरावर प्रयोग करावा का? अनुभव असेल त्याने सांगा. नाहीतर पेटी आहे तशी राहू दे, मी फक्त भात्याचं चामडं बदलते. सरसच वापरणार. पांढऱ्या गमने चिकटवलेलं चामडं पुढच्या माणसाला सोडवता येत नाही.

हे लिहिता लिहिता एक सुचलं. मध्यरात्रीच्या मिस्सेत ग्लोरियाला, म्हणजे स्तुतिगीताला, घंटा वाजवतात! म्हणजे ए साइडलाही तीच घंटा असणार. तिच्यावरून टेपचा वेग मिळाला, की गुणगुणाट उलटा मोजून त्या नाताळच्या रात्री वसईत वीज नेमकी किती हर्ट्झची होती तेही निघेल. कुणाला हवंय ते माहीत नाही, मला हवंय. कच्ची फाइल उघडलीच आहे. हातघंट्यांचा गोंगाट भरपूर आहे, पण त्याच्या खाली, ११ मिनिटं ४० सेकंदांना, काहीतरी जड वाजतंय.