भुताला डोळे शेवटी

बिस्किटावर पांढऱ्या चॉकलेटचे आडवेतिडवे पट्टे ओढले, तरी ते बिस्किटच असतं. हॅलोविनच्या, म्हणजे ३१ ऑक्टोबरच्या भुताखेतांच्या सणाच्या, मुलांच्या पार्टीसाठी दुपारी तीनच्या सुमारास ओट्यावर अशी डझनभर मांडून ठेवा. येता-जाता कोणीही एखादं उचलून तोंडात टाकेल आणि पाणी प्यायला वळेल. मग कोणीतरी त्या पट्ट्यांच्या मधे दोन काळे ठिपके देतं. संपलं. "याला नको ना खाऊ, हा पाहून राहिला," असं पाच वर्षांचं पोट्टं गंभीरपणे सांगतं, आणि चाळिशीचा माणूस पुढे केलेला हात खरंच मागे घेतो.

एवढ्याशा दोन ठिपक्यांत काय असतं कोण जाणे.

आपल्याकडे भुतांची टंचाई कधीच नव्हती. पिंपळावर मुंजा, पाण्यात गिऱ्हा, वाट चुकवायला चकवा, शिवाय हडळ, खवीस, समंध, वेताळ. प्रत्येकाचं खातं वेगळं, पत्ता वेगळा. खाण्याजोगं मात्र त्यातलं एकही नाही. आणि भोपळा? तो तर म्हातारीला लेकीकडून सुखरूप घरी आणणारं वाहन. तिकडे आयर्लंडात पूर्वी सलगम कोरून त्यात दिवा ठेवत. तिथली माणसं अमेरिकेत गेली, तिथं भोपळा मोठा मिळाला, कोरायला सोपा मिळाला, सलगम सुटला. म्हणजे हॅलोविनचा भोपळासुद्धा सोयीनंच आलेला. मग नागपुरात त्याच्या जागी संत्रं बसलं तर कोणाचं काय जातं?

३१ ऑक्टोबरच्या आसपास आंबिया बहाराचं, म्हणजे वर्षाच्या सुरुवातीच्या फुलोऱ्याचं, संत्रं बाजारात दिसायला लागतं. सुरुवातीचं फळ बाहेरून हिरवट असतं, पण सोललं की आत नेमका तोच भगवा रंग. साल सैल, त्यामुळे चार वर्षांच्या मुलालाही सोलता येतं. सोललेल्या फळाच्या डोक्यावर, फाका जिथं एकत्र येतात त्या खळगीत, कोथिंबिरीचा किंवा पुदिन्याचा बोटाच्या पेराएवढा देठ खोचला की झाला भोपळा. पांढऱ्या शिरा काढत बसू नका. मुलं त्यांना आपणहून कोळ्याचं जाळं म्हणतात. चेहरा हवाच असेल तर फळ न सोलता सालीवर मार्करनं काढावा, कारण ओल्या फाकेवर काहीच चिकटत नाही. साल आधी कोरड्या फडक्यानं पुसायची, नाहीतर तिच्या तेलानं शाई पसरते. हेच तेल फुग्यांचा काळ आहे. संत्रं सोललेल्या हातानं रबरी फुगा धरला की तो फटकन फुटतो, कारण सालीतलं तेल रबराला विरघळवतं. पार्टीत एकदा हे मुलांना कळलं की उरलेले फुगे वाचत नाहीत. तेव्हा संत्री खोलीच्या एका टोकाला आणि फुगे दुसऱ्या टोकाला, किंवा मग फुगे गेले असंच धरून चालायचं.

गॅस न पेटवता करायच्या या प्रकारांत खरी फजिती होते ती चॉकलेटची. नागपूरचा ऑक्टोबर म्हणजे दुपारचं ऊन अजून हट्टानं बसलेलं. दुधाचं खरं चॉकलेट तिशीच्या पुढे मऊ पडायला लागतं, त्यामुळे त्याचं भूत ताटलीतच लोळण घेतं. कंपाउंड चॉकलेट घ्यावं. त्यात कोको बटरऐवजी दुसरं वनस्पती तेल असतं, म्हणून ते वितळवून नुसतं लावलं तरी छान घट्ट होतं, टेंपरिंगची, म्हणजे चॉकलेट ठरावीक तापमानांना गरम-थंड करत बसण्याची, भानगड नाही. चवीचे जाणकार नाक मुरडतात. मुरडू द्या, सात वर्षांचा जाणकार अजून जन्मायचा आहे.

बारा बिस्किटांना पट्ट्यांपुरतं १०० ग्रॅम पांढरं कंपाउंड पुरतं. बारीक चिरून काचेच्या कोरड्या वाडग्यात घालावं आणि मायक्रोवेव्हमध्ये अर्ध्या पॉवरवर ३० सेकंदांच्या हप्त्यांनी गरम करावं, दर वेळी बाहेर काढून ढवळावं. तुकडे वरून अख्खे दिसतात, पण आतून वितळलेले असतात. दिसण्यावर जाऊन अजून एक मिनिट दिलं की पांढरं चॉकलेट दाणेदार होऊन जळतं. त्याला परत आणता येत नाही. मायक्रोवेव्ह नसेल तर तेवढ्यापुरता गॅस लागतो, उकळलेल्या पाण्याचं पातेलं गॅसवरून उतरवून त्यावर वाडगं ठेवायचं. वाडग्याचा तळ पाण्याला टेकू द्यायचा नाही आणि वाफेचा थेंब आत पडू द्यायचा नाही. चॉकलेटातली साखर पाण्याच्या दोन थेंबांनी ओली होऊन एकमेकींना चिकटते आणि सगळ्याचा कणकेसारखा गोळा होतो. म्हणून चमचा कोरडा, हात कोरडे, आणि मधेच "मी पण ढवळतो" म्हणत आलेल्या मुलाचे हातही कोरडे. साधा पाण्यात मिसळलेला खायचा रंगही हेच करतो. हिरवं भूत हवं असेल तर तेलातला रंग किंवा पूड. गोळा झालाच तर फेकू नये. त्यात थोडं गरम दूध घालून ढवळलं की सॉस होतो. पट्टे त्याचे ओढता येत नाहीत, पण पुढच्या कोळ्यांत तो खपतो.

वितळलेलं चॉकलेट झिपच्या पिशवीत भरून कोपरा कापायचा, फार तर दोन मिलिमीटर. इथं घाई केली की पट्टीऐवजी पूर येतो. पिशवी मुलाच्या हातात द्यावी आणि आपण मागे सरावं. मोठ्यांच्या पट्ट्या समांतर येतात, मुलांच्या येत नाहीत, आणि बांधलेल्या प्रेताच्या, म्हणजे ममीच्या, चिंध्या समांतर कशा असतील? मला तरी नीटनेटकं भूत पाहून दुकानातली बरणी आठवते.

डोळ्यांसाठी बारीक चॉकलेट चिप्स. पट्टे ओले असतानाच लावले तर घसरतात, पार सुकल्यावर लावले तर पडतात. पट्ट्यांची चकाकी जाऊन ते किंचित मंद दिसायला लागले की ती वेळ. हुकलीच तर उरलेल्या चॉकलेटचा ठिपका डिंकासारखा वापरावा. कपाळाशी, जवळजवळ लावलेले डोळे खवचट दिसतात. खाली, लांब लांब लावलेले बाळासारखे. एका ताटलीत दोन्ही असले की बिस्किटांची आपसांत ओळख असल्यासारखी वाटते. फ्रिजमध्ये फक्त दहा मिनिटं. जास्त थंड करून बाहेर काढलं की अंगावर दंव धरतं आणि डोळ्यांतून पाणी येतं. काही मुलांना हेच सर्वांत जास्त आवडतं, ते वेगळं.

कोळी हा त्यातला बिनचूक प्रकार. २०० ग्रॅम मारी बिस्किटं जाड पिशवीत घालून लाटण्यानं चुरायची. हे काम घरातल्या सर्वांत लहानाचं, आणि ते त्यानं संतापानंच करावं. त्यात तीन मोठे चमचे कोको पावडर, ३० ग्रॅम मऊ लोणी, चिमूटभर मीठ आणि साधारण १५० ग्रॅम कंडेन्स्ड मिल्क. डबा एकदम ओतू नये. बिस्किटं किती पिणार ते चुऱ्याच्या बारीकपणावर असतं. मुठीत दाबून गोळा टिकला की थांबायचं. हाताला चिकटायला लागलं तर मूठभर चुरा अजून, आणि पंधरा मिनिटं गारव्यात. छोट्या लिंबाएवढे वीस गोळे होतात. पायांना पुस्तकी उत्तर खारट काड्यांचं. चकली त्याहून सरस. तिचे तुकडे मुळातच वाकडे असतात, काटेरी असतात, आणि गोड गोळ्यासोबत तिखट-खारट लागतात. शिवाय ऑक्टोबरअखेरीला फराळाचे डबे भरत आलेले असतात. २०२४ साली तर ३१ ऑक्टोबरलाच नरक चतुर्दशी होती, पहाटे अभ्यंग आणि संध्याकाळी भुतं. पाय मात्र वाढण्याच्या दहा मिनिटं आधीच खोचायचे. गोळ्यातला ओलावा ते पितात आणि तासाभरात कोळी गुडघे टेकतो. एका बाजूला चार. मुलं तीन लावतात, पाच लावतात. मोजायला सांगितलं तर "याची लढाई झाली होती" असं उत्तर येतं.

केळ्याचं भूत सर्वांत सोपं म्हणून सगळे आधी तेच करतात आणि तेच सर्वांत आधी बिघडतं. केळं पिवळं पण देठाशी अजून हिरवट असावं. ठिपके पडलेलं उभं राहत नाही. मधोमध आडवं कापून कापलेल्या बाजूवर उभं करायचं, एक चमचा लिंबाचा रस दोन चमचे पाण्यात मिसळून ब्रशनं फिरवायचा, चिप्सची टोकं आत खुपसून डोळे करायचे आणि अर्ध्या तासात खायचं. पुढे ते काळं पडतं. भूत पांढरं असतं एवढी एकच गोष्ट मुलांना नक्की माहीत असते.

रसगुल्ल्याचा डोळा ही मात्र थेट अंगावर येणारी गोष्ट. पाक हलक्या हातानं पिळून काढायचा, अंगठ्यानं खळगी करायची, त्यात काळ्या द्राक्षाचा काप. लाल शिरांसाठी गुलाबाचं सरबत नको, ते लगेच पसरून डोळा आलेला दिसतो. जॅम गाळून टूथपिकच्या टोकानं ओढावा. टूथपिक ताटलीत राहायला नको. पाच वर्षांखालच्यांना अख्खं द्राक्ष देऊ नये, उभे चार तुकडे करावेत. घशात अडकायला ते नेमक्या मापाचं असतं. इथं थट्टा नाही.

कबरीला श्रीखंड चालतं. सहा छोट्या ग्लासांत ४०० ग्रॅम श्रीखंड, वर सोळा चॉकलेट बिस्किटांचा क्रीम खरवडून केलेला चुरा, म्हणजे माती. मातीतून डोकावणाऱ्या जेलीच्या अळ्या घेताना पाकिटावरची खूण बघावी. जिलेटिन प्राण्यांपासून येतं, मार्शमेलोतही असतं. शाकाहारी घरातलं मूल आलेलं असेल तर हिरवा ठिपका आणि पेक्टिनची जेली. शेंगदाणे कोणाला चालत नाहीत हेही आईबापांना आधीच विचारलेलं बरं. वर लांबट बिस्किटाचा दगड रोवायचा आणि त्यावर चॉकलेटनं लिहायचं. मोठ्यांची इथं जीभ अडखळते, कबरीवर नाव कोणाचं घालणार? मुलांना हा प्रश्न पडत नाही. "होमवर्क," एकजण लिहितो. "दोडकी," दुसरा. तिसऱ्याला जागा पुरत नाही म्हणून नुसतं "गणि".

या शहरातल्या मुलांना भीतीची ओळख हॅलोविननं करून दिलेली नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जुन्या नागपुरातून काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे भलेमोठे पुतळे, यांची मिरवणूक निघते, बापाच्या खांद्यावर बसून पोरं ते अवाढव्य डोळे बघतात, आणि खाली गर्दी ओरडत असते, "इडा, पीडा घेऊन जा गे मारबत!" मग ती वेशीबाहेर नेऊन जाळतात. त्याच दिवशी तान्हा पोळा. संध्याकाळी तीच पोरं लाकडी बैल ओढत दारोदार बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागतात. भीतीही झाली, दारोदार मागणंही झालं. फरक एवढाच की मारबत गावाबाहेर घालवायची, आणि ही बिस्किटाची भुतं गिळायची. गिळताना डोळ्यांकडून सुरुवात करायची की पायाकडून, यावर मुलांमध्ये दोन तट पडतात. डोळे आधी खाल्ले तर त्याला कळत नाही, असं एका पक्षाचं म्हणणं. दुसऱ्या पक्षाचं म्हणणं, मग त्याला कसं कळेल की आपण खाल्लं?

पार्टी आटोपते. चुरा गालिच्यात, चॉकलेट पडद्याला, फुगे कधीच गेलेले. रात्री पाण्याची बाटली घ्यायला फ्रिज उघडला की दिवा लागतो, आणि मधल्या कप्प्यात झाकण न लावलेल्या डब्यात एकटं उरलेलं ते असतं. एक डोळा कपाळावर, दुसरा घसरून हनुवटीपाशी आलेला. भूक असते. बाटली घ्यायची आणि दार हळूच लावायचं.