शिंपल्याच्या आतला रंग

मदर ऑफ पर्ल म्हणजे शिंपल्याच्या आतला तो चमकणारा थर, आणि मला कितीतरी वर्षं वाटायचं की त्यात गुलाबी, हिरवा असा काहीतरी रंग असतोच. मग एकदा एक तुकडा पॉलिश पेपरवर घासत बसले होते आणि खाली पडलेली पूड बघितली तर साधी पांढरी! रंग गेला कुठे?

तर तो तसा नव्हताच. आत अ‍ॅरागोनाइटच्या, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच्याच, चपट्या वड्या विटांसारख्या रचलेल्या असतात, एकेक साधारण अर्धा मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड, आणि मधेमधे प्रोटीनचा अगदी पातळ गिलावा. ही जाडी उजेडाच्या तरंगलांबीच्या आसपासची, त्यामुळे वेगवेगळ्या थरांवरून परत येणारे किरण एकमेकांत मिसळतात, काही रंग उठतात काही विझतात, तुकडा जरा तिरका केला की सगळं बदलतं. पूड केली की ती रचनाच मोडते, मग उरतो पांढरा चुरा.

आणि त्याच रचनेमुळे हा थर चिवटही असतो, तडा सरळ आरपार जात नाही, वड्यांच्या कडेकडेने वळत जातो. कोरियातलं नाजॉनचिलगी बघा, मला तर तेच सगळ्यात आवडतं, काळ्या लॅकरवर शिंपल्याच्या बारीक बारीक पट्ट्या कापून एकेक चिकटवत नक्षी करतात, गोर्यो काळातल्या (918 ते 1392) डब्यांवर तर इतकी चिमुकली फुलं की पाकळी न् पाकळी वेगळी कापलेली. जपानच्या रादेनमध्ये, म्हणजे तिथल्या अशाच शिंपल्याच्या नक्षीकामात, कधीकधी शिंपला इतका पातळ करतात की खाली लावलेला रंग वरून दिसतो. आपल्याकडे फतेहपूर सिक्रीला सलीम चिश्तींच्या कबरीवरचं छत्र याच शिंपल्याने मढवलंय.

स्वतः करणार असाल तर ओलं ठेवूनच कापा आणि मास्क लावा, ती धूळ फुफ्फुसांना वाईट. व्हिनेगर, लिंबू तर अजिबात नको, कॅल्शियम कार्बोनेट आहे, चमक खाऊन टाकतं.

माझ्या पहिल्या फुलाच्या सगळ्या पाकळ्या मी एकाच दिशेने चिकटवल्या, त्या एकदम उजळतात आणि एकदम विझतात, मधे काही हलतच नाही. आता नवीन फूल कापून ठेवलंय, गोंद लावायच्या आधी एकेक पाकळी दिव्याखाली फिरवून बघतेय.