आधी विचारपूस, मग मालिश : आमची वाटचाल

सुरुवातीला आमच्याकडे सगळ्यांचीच मालिश होत असे. खेळाडू, दिवसभर खुर्चीत बसून पाठ धरलेली माणसं, वयस्कर मंडळी. गरोदर बाईचा फोन आला, की "बाळंतपण झाल्यावर या" एवढंच सांगायचो. या कामाचं प्रशिक्षण आमच्यापैकी कुणीच घेतलेलं नव्हतं, तेव्हा ते उत्तर योग्यच होतं. पण फोन काही थांबेनात. कंबर आणि माकडहाड सर्वांत जास्त दुखतं ते याच महिन्यांत, आणि दुखण्यावरच्या बऱ्याच गोळ्या वर्ज्य असतात त्याही याच महिन्यांत. अशा बाईला नुसतं नाही म्हणत राहणं मला पटेना. मी आणि माझ्या भागीदार ताई, दोघींनी गरोदरपणातल्या आणि बाळंतपणानंतरच्या मालिशचं वेगळं शिक्षण घेतलं. पुढे बाकीचं काम हळूहळू बंद करून एवढंच ठेवलं.

पहिला खर्च झाला तो उशांवर. पोटासाठी भोक असलेली टेबलं मिळतात, ती आम्ही मुद्दाम घेतली नाहीत. त्यात पोट खाली लोंबतं आणि कंबरेवर उलट ताण येतो. आमच्याकडे बाई कुशीवरच झोपते. साधारण २० आठवड्यांनंतर फार वेळ उताणं झोपलं, तर गर्भाशयाचा भार पाठीच्या कण्यालगतच्या मोठ्या शिरेवर पडतो, रक्त हृदयाकडे परतायला अडतं आणि चक्कर, मळमळ सुरू होते. म्हणून एक उशी डोक्याखाली, एक लांब उशी दोन्ही गुडघ्यांपासून घोट्यांपर्यंत, पोटाखाली छोटी उतरती उशी आणि एक कवेत धरायला. गुडघ्यांमधली उशी घोट्यापर्यंत पोहोचलीच पाहिजे, नाहीतर वरचा पाय खाली झुकतो आणि ज्या ओटीपोटाच्या सांध्यांना आराम द्यायचा, तेच खेचले जातात. हे सगळं नीट जमेपर्यंत आम्ही तेलाला हात लावत नाही. तेलही बिनवासाचं, कारण या दिवसांत एखादा वास कधी नकोसा होईल सांगता येत नाही.

पण या कामाचा खरा पाया म्हणजे आधीची विचारपूस. गरोदरपणात रक्त गोठण्याकडे शरीराचा कल वाढतो आणि बाळंतपणानंतर निदान ६ आठवडे तो धोका राहतो. अशा वेळी पायाच्या खोल शिरेत गाठ झालेली असली आणि आपण पोटरी जोरात रगडली, तर ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. म्हणून दोन्ही पोटऱ्या आधी टेपने मोजतो. डावी विशेष लक्षपूर्वक, कारण गरोदरपणात अशा गाठी डाव्या पायात जास्त होतात. एकच पाय सुजलेला, गरम किंवा दुखरा असेल, तर त्या दिवशी मालिश नाही, थेट डॉक्टरांकडे. एरवीही पोटऱ्या आणि मांड्यांच्या आतल्या बाजूला आम्ही दाब देत नाही, फक्त हलका हात फिरवतो.

एकदा आठवा महिना चालू असलेल्या एक ताई "डोकं फार ठणकतंय, जरा चोळून द्या" म्हणत आल्या. चेहरा आणि हात सुजलेले, डोळ्यांपुढे चमकल्यासारखं होतंय म्हणाल्या. आम्ही त्यांना बसवून घेतलं, घरच्यांना बोलावलं आणि तशाच दवाखान्यात पाठवलं. रक्तदाब फार वाढलेला निघाला. तातडीने उपचार झाले, आई आणि बाळ दोघंही सुखरूप राहिली. पुढे त्याच डॉक्टरांनी आमच्याकडे बायका पाठवायला सुरुवात केली. आमच्या धंद्याला खरी उभारी मिळाली ती त्या दिवशी न केलेल्या मालिशमुळे, असं मी मानते.

पहिल्या तीन महिन्यांत मालिशने गर्भपात होतो, याला आधार नाही. या काळातले बहुतेक गर्भपात गुणसूत्रांतल्या दोषामुळे होतात. तरीही बाई घाबरलेली असेल, तर आम्ही आग्रह धरत नाही.

बाळंतिणीचं काम निराळंच. सिझेरियन झालं असेल, तर टाके पूर्ण भरून डॉक्टरांनी होकार देईपर्यंत पोटाला हात नाही. तोवर खांदे, मान, पाठ, तळपाय. बाळाला पाजून पाजून खांदे अवघडलेले असतात, निम्मं दुखणं तिथेच असतं. छातीत दूध दाटलं की घरोघर ती जोराने चोळली जाते. त्याने सूज वाढते, हे आम्ही प्रत्येकीला सांगतो. हलका हात आणि गार पट्टी पुरते. ताप आला, तर डॉक्टर. "पोट आत घालून द्या" ही मागणी रोजची. पोटाच्या मधोमध स्नायूंमध्ये पडलेली फट मालिशने भरत नाही, त्याला व्यायाम लागतो. तशी हमी देणाऱ्या जाहिराती पाहून काही जणी दुसरीकडे जातात. जाऊ देत.

बाळ रडलं की मध्येच थांबायचं, पाजायचं, मग पुढे. त्यामुळे दिवसाला मोजक्याच जणी घेता येतात आणि उत्पन्नाला मर्यादा येते. ती आम्ही पत्करली आहे.

काही जणींचं बाळ राहिलेलं नसतं. दूध त्यांनाही येतं, अंग त्यांचंही दुखतं. म्हणून खोलीत आम्ही बाळांची चित्रं लावलेली नाहीत, आणि फॉर्मवर बाळाविषयीचा रकाना सगळ्यांत शेवटी आहे. तो कोरा ठेवला, तर कुणी विचारत नाही.

अलीकडे नवऱ्यांना, किंवा प्रसूतीच्या वेळी जे कुणी सोबत राहणार असेल त्यांना, शिकवायला घेतलंय. कळ सुरू झाली की तळहाताच्या टाचेने माकडहाडाच्या वरच्या सपाट हाडावर सरळ दाब द्यायचा, कळ ओसरेपर्यंत तसाच धरायचा. चोळायचं नाही. दाब किती, हे तिनेच सांगायचं. तिने "नको" म्हटलं, की हात लगेच काढायचा.